काहिलीचा ताळेबंद
रासायनिक अभियांत्रिकीची पाच मूळ सूत्रे आणि गोदाकाठचे गुऱ्हाळ

रासायनिक अभियांत्रिकी म्हणजे रसायनशास्त्राची मोठी प्रयोगशाळा, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. बारावीनंतर ही शाखा घेणारी मुलेही त्याच समजुतीने जातात. आपल्याला भराभर समीकरणे पाठ करावी लागतील, नवनवी रसायने तयार करावी लागतील, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी त्यांच्यापुढे येते ती हिशेबाची वही. टाकीत किती आले, किती गेले, किती उरले? किती उष्णता दिली, ती कुठे गेली? असले प्रश्न पाहून मुले गोंधळतात. त्यात हे सगळे इंग्रजीतून येते. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत या भागांतून पुढे शिकायला गेलेली काही मुले सुट्टीत माझ्याकडे येत असतात. त्यांची अडचण बुद्धीची नाही, हे दहा मिनिटांत लक्षात येते. ज्या वस्तू त्यांनी लहानपणापासून पाहिल्या, त्यांचा आणि पुस्तकातल्या शब्दांचा सांधा कुणी जुळवून दिलेला नसतो.

तो सांधा जुळवण्याचा प्रयत्न मी या लेखात करणार आहे. त्यासाठी परदेशातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात जाण्याची गरज नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने आणि गोदावरीच्या पाण्याने आपल्या जिल्ह्यात ऊस वाढला. हिवाळ्यात अजूनही कुठे कुठे गुऱ्हाळाचा धूर दिसतो. त्या काहिलीत या शास्त्राची पाचही मूळ सूत्रे उकळत असतात. किती, किती उष्णता, कुठवर, किती वेगाने आणि किती मोठे, असे हे पाच प्रश्न आहेत.

शाखा जन्मली कशी

आधी थोडा इतिहास पाहू. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सोडा, आम्ले, साबण, रंग यांचे कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांच्या धुराने आणि सांडपाण्याने परिसर होरपळू लागला, तेव्हा सरकारने निरीक्षक नेमले. जॉर्ज डेव्हिस हा त्यांपैकी एक. गावोगावचे कारखाने पाहताना त्याच्या ध्यानात आले, की माल वेगवेगळा असला तरी कामे तीच ती आहेत. कुणी आटवतो, कुणी गाळतो, कुणी वाळवतो, कुणी विरघळवतो, कुणी ऊर्ध्वपातन करतो. ही कामे मालापासून वेगळी काढून शिकवता येतील, असे त्याला वाटले. १८८७ साली मँचेस्टरमध्ये त्याने बारा व्याख्याने दिली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. १९१५ साली आर्थर लिटल याने या कामांना ‘युनिट ऑपरेशन्स’ हे नाव दिले. मराठीत आपण त्यांना एकक क्रिया म्हणू.

महाराष्ट्रात ही विद्या १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आली. तीच संस्था आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणून ओळखली जाते. नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट १९४२ची. मराठवाड्याला मात्र वाट पाहावी लागली. मुंबईच्या संस्थेचे जालन्याचे केंद्र २०१८ साली सुरू झाले.

डेव्हिसची नजर घेऊन गुऱ्हाळाकडे पाहिले तर काय दिसते? चरकात पिळणे, रस गाळणे, चुना आणि भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणणे, ती काढून टाकणे, आटवणे, थंड करणे, ढेप पाडणे. एकामागून एक सात-आठ एकक क्रिया. कारखान्याची यादीही यापेक्षा फार वेगळी नसते.

पहिले सूत्र : किती आले, किती गेले

फ्रान्सच्या लव्हाझिएने अठराव्या शतकाच्या अखेरीस तराजू हाती घेऊन दाखवले, की रासायनिक बदलात वस्तुमान नष्ट होत नाही आणि नव्याने निर्माणही होत नाही. शाळेत हा नियम एका ओळीत पाठ होतो. रासायनिक अभियंत्यासाठी तो रोजचे हत्यार आहे. इंग्रजीत याला ‘मटेरियल बॅलन्स’ म्हणतात. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे, ताळेबंद. जमा, खर्च, शिल्लक. किराणा दुकानदाराला जे कळते तेच इथे कळायचे आहे. फरक इतकाच, की इथे रुपयांऐवजी किलो लिहायचे.

१०० किलो ऊस घेऊ. त्यात १३ किलो तंतू आणि ८७ किलो रस आहे असे धरू. रसात शेकडा २० भाग विरघळलेले घन पदार्थ, मुख्यतः साखर. म्हणजे साधारण १७.४ किलो घन आणि ६९.६ किलो पाणी. उसाच्या वजनात जवळजवळ सत्तर टक्के पाणी असते, हे इथेच उघड होते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर येतात, तिथल्या माणसाने हा आकडा लक्षात ठेवावा.

गावच्या तीन लाटांच्या चरकातून १०० किलो उसापासून ६० किलो रस निघाला असे समजू. त्यात १२ किलो घन आणि ४८ किलो पाणी. मळी २ किलो निघाली, तिच्यात ०.६ किलो घन आणि १.४ किलो पाणी. तयार गुळात ५ टक्के ओल राहते. आता गूळ किती मिळेल? काहिलीत राहिलेले घन १२ वजा ०.६, म्हणजे ११.४ किलो. हा गुळाचा ९५ टक्के भाग आहे. म्हणून गूळ १२ किलो. उडालेले पाणी ६० वजा २ वजा १२, म्हणजे ४६ किलो. हाच आकडा पाण्याच्या बाजूने तपासू. ४८ वजा १.४ वजा ०.६, म्हणजे ४६. ताळा जुळला. काहिलीला हात न लावता, वाफ न मोजता, किती पाणी उडाले ते सांगता आले. ताळेबंदाची ताकद ही आहे. जे मोजता येत नाही ते तो काढून देतो.

आता खरी गंमत पुढे आहे. उसात घन पदार्थ १७.४ किलो होते. गुळात ११.४ आले, मळीत ०.६ गेले. उरलेले ५.४ किलो कुठे आहेत? चिपाडात. जवळजवळ एक तृतीयांश गोडी चिपाडाबरोबर वाळते आणि चुलवाणात जळते. गुऱ्हाळवाल्याला विचारले तर तो नुकसानीचे खापर मळीवर किंवा उसाच्या जातीवर फोडतो. डोळ्यांना मळी दिसते, चिपाडातली साखर दिसत नाही. मोठा कारखाना चिपाडावर पाणी शिंपडून ते पुन्हा पुन्हा पिळतो आणि उसातली पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास साखर काढून घेतो. हे पाणी पुढे आटवावे लागते, त्याला इंधन लागते. म्हणून किती पाणी शिंपडावे हाही ताळेबंदाचाच प्रश्न होतो.

एक इशारा इथेच देतो. एकूण वस्तुमान टिकते, पण प्रत्येक पदार्थ टिकतोच असे नाही. आम्लता आणि उष्णता यांमुळे उसाची साखर फुटते. ३४२ किलो साखर १८ किलो पाणी घेते आणि ३६० किलो ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. बेरीज जुळते, पण साखर गेलेली असते. म्हणून ज्या खात्यात अभिक्रिया घडते तिथे ‘आले’ आणि ‘गेले’ यांच्या जोडीला ‘तयार झाले’ आणि ‘खर्ची पडले’ हे दोन रकाने लागतात.

दुसरे सूत्र : उष्णतेचा हिशेब

४६ किलो पाणी उडवायचे आहे. हा खर्च किती?

पाणी तापवणे वेगळे आणि पाण्याची वाफ करणे वेगळे, हे ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६०च्या दशकात स्पष्ट केले. उकळत्या पाण्याला जाळ घालत राहिले तरी तपमान वाढत नाही. मग ती उष्णता जाते कुठे? पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, ती पकड सोडवण्यात ती खर्च होते. तिला अप्रकट उष्मा म्हणतात. एक किलो पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. तेच एक किलो पाणी वाफ व्हायला सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे सातपट. गुऱ्हाळात रसाला उकळी लवकर फुटते आणि पुढे मात्र तासन्‌तास जाळ घालावा लागतो, त्याचे कारण हेच.

एक टन ऊस धरू. रस ६०० किलो. तो उकळीपर्यंत न्यायला अंदाजे १७० मेगाज्यूल. ४६० किलो पाण्याची वाफ करायला अंदाजे १०४० मेगाज्यूल. मिळून सुमारे १२१० मेगाज्यूल. वाळलेले चिपाड जाळले तर किलोमागे साधारण १५ मेगाज्यूल मिळतात. म्हणजे काटेकोर हिशेबाने ८० किलो चिपाडात काम व्हायला हवे. एक टन उसाचे ओले चिपाड ४०० किलो. वाळून दहा टक्के ओल राहिली की ते २०४ किलोच्या आसपास भरते. पण जुन्या पद्धतीच्या चुलवाणात हे सगळे चिपाड जळून जाते, वर पाचटही घालावे लागते. म्हणजे दिलेल्या उष्णतेपैकी चाळीस टक्केसुद्धा रसाला पोचत नाही. बाकीची धुराड्यातून, मातीच्या भिंतींतून आणि अर्धवट जळलेल्या काळ्या धुरातून जाते. गुऱ्हाळाच्या धुराकडे पाहताना तो पैसा आहे, हे ओळखावे.

या हिशेबात एक भागीदार आहे, त्याचे नाव वहीत कुणी लिहीत नाही. ४०० किलो चिपाड २०४ किलो झाले, म्हणजे १९६ किलो पाणी उन्हाने उडवले. ते काम चुलवाणातून करावे लागले असते तर साडेचारशे मेगाज्यूलहून अधिक उष्णता लागली असती. मराठवाड्याच्या उन्हाची आपण तक्रारच करतो. गुऱ्हाळाच्या अंगणात पसरलेल्या चिपाडावर ते फुकट राबत असते.

वाफेचा दुसरा उपयोग

काहिलीतून उडालेली ४६० किलो वाफ हजाराहून अधिक मेगाज्यूल घेऊन आभाळात जाते. ती पुन्हा वापरता येईल का? हा प्रश्न नॉर्बर्ट रिल्यू या माणसाने सोडवला. त्याचा जन्म १८०६ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये झाला. वडील फ्रेंच वंशाचे गोरे, आई मिश्रवर्णीय. पॅरिसमध्ये त्याचे शिक्षण झाले. त्या काळी लुइझियानातल्या मळ्यांवर गुलाम माणसे उघड्या कढयांतला उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतत. भाजणे, पोळणे नित्याचे होते. रिल्यूने बंद भांडी एकापुढे एक जोडली. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवायला वापरली, दुसऱ्याची तिसऱ्याला.

इथे शंका येते. शंभर अंशांची वाफ शंभर अंशांवर उकळणाऱ्या रसाला कशी उकळवेल? उष्णता वाहायला तपमानाचा उतार लागतो. रिल्यूने पुढच्या भांड्यातला दाब कमी केला. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू उतरतो. वातावरणाच्या पाचव्या हिश्शाइतक्या दाबाला पाणी ६० अंशांच्या आसपास उकळते. याचा थोडा अनुभव आपल्याला घरबसल्या येतो. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच असल्याने इथे पाणी १०० अंशांच्या सव्वा अंश खालीच उकळते.

रिल्यूला १८४३ आणि १८४६ साली पेटंटे मिळाली. चार भांडी जोडली तर सुरुवातीच्या एक किलो वाफेवर चार किलोच्या जवळपास पाणी उडते. आजच्या साखर कारखान्यात चिपाड उरते आणि त्यावर वीज तयार होते, तिचे मूळ इथे आहे. जो माणूस स्वतःच्या शहरात वर्णामुळे दुय्यम ठरवला गेला, त्याच्या हिशेबावर जगभरचे साखर कारखाने चालतात.

तिसरे सूत्र : कुठवर जाईल

गुळव्या काहिलीजवळ बसून पाण्यात थेंब टाकतो, बोटांनी गोळी वळते का पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. त्या क्षणी तापमापी लावली तर ११८ अंशांच्या आसपास आकडा दिसतो. काकवी हवी असेल तर १०५-१०६ अंशांवरच उतरवतात. पाणी शंभरला उकळते, मग रस ११८ अंशांवर कसा?

द्रवाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सतत बाहेर पडतात आणि काही परत येतात. दोन्हींचा वेग सारखा झाला की समतोल होतो. रसात साखर जसजशी दाटते, तसतशी पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंची संख्या कमी होते आणि उरलेल्यांना साखर धरून ठेवते. बाहेर पडण्याची त्यांची प्रवृत्ती घटते. ती पूर्ववत करायची तर तपमान वाढवावे लागते. म्हणून पाणी जितके कमी, उत्कलनबिंदू तितका वर. याचा अर्थ असा, की उकळत्या काकवीचे तपमान म्हणजे तिच्यात उरलेल्या पाण्याचे माप. गुळव्याची गोळी आणि तापमापीचा आकडा एकच गोष्ट दोन भाषांत सांगतात. गुळव्याला समतोलाचा सिद्धांत ठाऊक नसेल, पण त्याचे उत्तर त्याच्या बोटांत असते.

समतोल आपल्याला मर्यादा सांगतो. कितीही वेळ दिला तरी क्रिया कुठे जाऊन थांबेल, हे त्यावरून कळते. तिथे पोचायला किती वेळ लागेल, याबद्दल मात्र तो मुका असतो. त्यासाठी चौथे सूत्र लागते.

चौथे सूत्र : किती वेगाने

तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला की गूळ नरम पडतो, असे कोणताही शेतकरी सांगेल. उसातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेली असते. ती हवेतली ओल ओढतात, ढेप घट्ट बसत नाही. रस आंबट असेल तर काहिलीतही हेच घडते. म्हणून चुन्याची निवळी घालून आम्लता मारतात. चुना जास्त झाला तर गूळ काळा पडतो, कारण ग्लुकोज-फ्रुक्टोज अल्कलीत तुटून रंगीत पदार्थ बनतात.

रासायनिक अभिक्रियांचा वेग मोजण्याचे शास्त्र याच साखरफुटीतून जन्मले, हे आपल्या ऊसवाल्या मुलुखात फार थोड्यांना ठाऊक आहे. १८५० साली जर्मनीच्या लुडविग विल्हेल्मीने उसाच्या साखरेच्या द्रावणात आम्ल घालून बदल किती वेगाने होतो ते मोजले. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवते आणि फुटल्यावर तयार होणारे मिश्रण डावीकडे. तो कोन पाहत राहिले की द्रावणाला हात न लावता अभिक्रिया कुठवर आली ते कळते. आजही साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘पोल’ मोजतात ते याच गुणधर्मावरून. विल्हेल्मीला आढळले, की दर क्षणी फुटणारी साखर ही त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असते. पहिल्या तासात निम्मी गेली तर दुसऱ्या तासात उरलेल्याची निम्मी जाईल. सावकारी चक्रवाढ उलटी फिरवली की हा नियम होतो.

१८८९ साली स्वीडनच्या अऱ्हेनियसने तपमानाचा परिणाम मांडला, तोही याच अभिक्रियेच्या आधारे. ढोबळ मानाने दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो. २५ अंशांवरून ९५ अंशांवर गेलो तर सात वेळा दुप्पट, म्हणजे १२८ पट. साखरफुटीचा वेग तर याहूनही झपाट्याने वाढतो. म्हणून कारखाना कमी दाबाखाली, कमी तपमानाला रस आटवतो. गुऱ्हाळात तो जास्त तपमानाला आटतो, थोडा करपतो आणि त्यातूनच गुळाचा रंग व खमंगपणा येतो. साखरवाल्याचा तोटा तो गूळवाल्याचा गुण.

पाचवे सूत्र : किती मोठे

वाटीत जमले ते टाकीत जमेलच असे नाही. भांड्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो आणि आतला माल आठपट. माल आठपट, पण उष्णता आत जायला जागा चौपटच. म्हणून काहील उथळ आणि पसरट असते. हंड्यासारखी खोल केली तर रस तळाला करपेल आणि वर पाणचट राहील. प्रयोगशाळेतली कृती कारखान्यात नेताना रासायनिक अभियंता लागतो तो या कारणासाठी.

वेळेचेही तसेच आहे. साखळलेल्या, न हलणाऱ्या हवेत एखादा वायू आपोआप पसरतो, त्याला विसरण म्हणतात. एक सेंटीमीटर अंतर पार करायला त्याला तीनेक सेकंद लागतात. मग दोन मीटरला किती? दोनशेपट म्हणजे दहा मिनिटे, असे मुले उत्तर देतात. पण विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोनशेचा वर्ग चाळीस हजार. उत्तर येते तीस तासांहून जास्त.

हा आकडा मी मुद्दाम इथे आणला आहे.

टाकीच्या तोंडाशी

मे २०२३मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजुरांचा मृत्यू झाला. अशा बातम्या राज्याच्या सगळ्या भागांतून येत असतात. अनेकदा एक जण कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. नात्यातली, एका गावची माणसे एकाच टाकीत जातात. लोक म्हणतात, गुदमरून गेले. शब्द बरोबर आहे, पण तो काहीच समजावत नाही. वर सांगितलेली सूत्रे घेऊन टाकीच्या तोंडाशी उभे राहू.

मैला कुजताना ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड तयार होतात. यांपैकी हायड्रोजन सल्फाइड अतिशय विषारी. टाकी दहा हजार लिटरची आहे असे धरू. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे हजार भाग झाले, तर माणूस काही श्वासांत कोसळू शकतो. दहा हजार लिटरमध्ये हे प्रमाण म्हणजे फक्त दहा लिटर वायू, पाण्याची अर्धी घागर. त्यात गंधक किती? एक मोल वायू सुमारे साडेचोवीस लिटर जागा व्यापतो आणि हायड्रोजन सल्फाइडच्या एका मोलमध्ये ३२ ग्रॅम गंधक असते. दहा लिटरचा हिशेब १३ ग्रॅमवर येतो. बारावीत कंटाळवाणी वाटणारी मोलची कल्पना सांगते, की माणसाचा जीव घ्यायला मूठभर गंधकही लागत नाही.

वास येईल, मग बाहेर पडू, असा भरवसा असतो. हा वायू सडक्या अंड्यासारखा घाणेरडा वास देतो, पण दहा लाखांत शंभर भागांच्या पुढे तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते, तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो.

सुरुवातीला काही झाले नाही आणि गाळ ढवळल्यावर एकदम माणूस पडला, असेही घडते. याचे कारण समतोलात आहे. वायू गाळात आणि पाण्यात विरघळून बसलेला असतो. सोड्याची बाटली हलवावी तसे फावड्याने गाळ हलवला, की तो एकदम सुटतो. झाकण काढून तासभर थांबलो होतो, असे सांगितले जाते. विसरणाचा वेळ आपण वर काढला आहे. नुसते झाकण उघडून खोल टाकीतली हवा बदलत नाही. पंख्याने ताजी हवा आत ढकलत राहावी लागते. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत फक्त ऑक्सिजन आहे की नाही एवढेच सांगते. विषारी वायूबद्दल ती गप्प राहते आणि मिथेन असेल तर तोच कंदील स्फोट घडवतो.

सुरक्षा साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा हवाच. तो पाळला जातो की नाही हे पाहणेही हवे. पण ज्या गावात दहावीला वस्तुमानाचा नियम शिकवला जातो, त्याच गावात टाकीच्या तोंडाशी तो नियम कुणाला आठवू नये, हे आपल्या शिक्षणाचे अपयश आहे. उतरणारा माणूस बहुधा गरीब आणि उपेक्षित जातीतला असतो. उतरायला सांगणारा पुष्कळदा शिकलेला असतो.

भाषा कुणाची

ही विद्या मराठीत येईल का, असे मला विचारले जाते. परभणीच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तिथे विज्ञानही उर्दूतून शिकवत. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते होते आणि हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. देशी भाषेत उच्च विज्ञान शिकवता येते, हे त्यांनी दाखवले. पण आपल्या भागातल्या मराठी मुलांना ती भाषाही शिकूनच घ्यावी लागे. नंतर राज्य बदलले, उर्दूच्या जागी इंग्रजी आली. घरची भाषा आणि विज्ञानाची भाषा यांतले अंतर तेवढेच राहिले.

मला इंग्रजी शब्दांचे वावडे नाही. मुलांनी ते शिकलेच पाहिजेत, नोकरी त्याच शब्दांत मिळते. पण आधी वस्तू कळावी, मग तिचे नाव. ताळेबंद कळलेल्या मुलाला ‘मटेरियल बॅलन्स’ शिकायला दुपार पुरते. नुसते नाव पाठ केलेल्याला चार वर्षांनंतरही चिपाडातली साखर दिसत नाही.

म्हणून या शाखेला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला माझे एकच सांगणे असते. पहिल्या वर्षाच्या हिवाळी सुट्टीत एक दिवस गुऱ्हाळावर काढा. सोबत वजनकाटा, तापमापी आणि वही न्या. ऊस, रस, मळी, चिपाड आणि गूळ यांची वजने घ्या. चिपाड ओले किती, वाळलेले किती ते पाहा. गुळव्याला मान देऊन विचारा, की काहील उतरवायची वेळ तो कशी ओळखतो, आणि त्या क्षणीचे तपमान लिहून ठेवा. मग रात्री बसून बेरीज करा. ती पहिल्या खेपेला जुळणार नाही. जितके किलो कमी पडतील, तितके कुठे गेले ते शोधत बसा. रासायनिक अभियांत्रिकी तिथून सुरू होते.